दोन कादंबऱ्यांमधली चोवीस वर्षे : मॅरिलिन रॉबिन्सन यांच्याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन कादंबरीकार मॅरिलिन रॉबिन्सन यांची पहिली कादंबरी ‘हाउसकीपिंग’ १९८० साली आली आणि दुसरी, ‘गिलियड’, थेट २००४ साली. मधल्या काळात त्यांचे लेखन अडले होते का? आणि अडले असेल, तर पहिल्या कादंबरीनंतर बरीच वर्षे दुसरी न जमलेल्या आपल्यासारख्या लेखकाने त्यांच्याकडे पाहून धीर धरावा का? मी पदव्युत्तर वर्गांना अमेरिकन कादंबरी दीर्घकाळ शिकवली आहे आणि प्रकाशनापूर्वी मराठी कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचून त्यांवर अभिप्राय देण्याचे काम आजही करते. त्यामुळे या प्रश्नाचा पहिला भाग मला विद्यार्थ्यांकडून आणि दुसरा लेखकांकडून अनेकदा ऐकायला मिळाला आहे. दोन्हींचे उत्तर एकत्र दिले तरच ते उपयोगी पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वर्षांची वजाबाकी केली तर चोवीस हा आकडा डोळ्यांत भरतो, पण त्यातून फारसे काही कळत नाही. विचारायला हवे ते हे, की त्या काळात या लेखिकेच्या हातून काय घडत होते आणि त्याची खूण पुढच्या कादंबरीत सापडते का. रॉबिन्सन यांच्या बाबतीत ती खूण पानोपानी दाखवता येते. ‘गिलियड’ला उशीर झाला असे म्हणणे मला पटत नाही. १९८५ साली ती त्यांना लिहिताच आली नसती, असे माझे मत आहे आणि ते का, हेच मला सांगायचे आहे.

रॉबिन्सन यांचा जन्म १९४३ चा, आयडाहो राज्याच्या उत्तरेकडील सँडपॉइंट या गावचा. डोंगर, जंगल आणि गावाला लागून प्रचंड सरोवर, असा तो मुलूख. वडील लाकूड व्यवसायात होते. थोरले बंधू डेव्हिड समर्स पुढे कलेतिहासाचे नामवंत अभ्यासक झाले. ब्राउन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक या महिला महाविद्यालयातून त्या १९६६ साली पदवीधर झाल्या आणि १९७७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय शेक्सपिअरचे ‘हेन्री सहावा’, भाग दुसरा, हे नाटक. पहिल्या कादंबरीचे मूळ या प्रबंधाच्या काळातच आहे. एमर्सन, थोरो, मेलव्हिल, एमिली डिकिन्सन या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखकांची रूपके त्यांना ओढून घेत होती. तशी लांबत जाणारी रूपके आपल्याला साधतात का, हे पाहण्यासाठी त्या सुटे उतारे लिहीत आणि बाजूला ठेवून देत. कथानक नव्हते, पात्रे नव्हती. प्रबंध पुरा झाल्यावर ते कागद एकत्र वाचले, तेव्हा ते एकाच जगातले आहेत असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांतून ‘हाउसकीपिंग’ उभी राहिली.

त्या कादंबरीच्या आरंभीचा एक प्रसंग मी वर्गात नेहमी सावकाश वाचून दाखवत असे. फिंगरबोन नावाच्या गावाजवळ रात्रीच्या वेळी एक आगगाडी पुलावरून घसरून सरोवरात पडते. निवेदिका रूथ हिचे आजोबा त्याच गाडीत असतात. पाण्यात उड्या मारणाऱ्या मुलांच्या हाती काय लागते? एक सुटकेस, आसनाची एक गादी आणि लेट्यूसचा एक गड्डा. एवढेच. संध्याकाळपर्यंत पाण्यावर पुन्हा बर्फ धरते आणि अख्खी गाडी, माणसांसकट, जणू कधी नव्हतीच अशी नाहीशी होते. प्रेते नाहीत, आक्रोश नाही. तीन क्षुल्लक वस्तू पाण्यातून वर येतात आणि पुढच्या तीन पिढ्यांचे पोरकेपण त्या वस्तूंमधून वाचकाला कळते. पुढे रूथची आई याच सरोवरात मोटार घालते, आणि रूथ व लुसिल या दोघी बहिणींना सांभाळायला सिल्वी ही भटकी मावशी येते. घर सांभाळणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यानंतर कादंबरीभर वाढत जातो.

हे पुस्तक छापले जाईल अशी अपेक्षा रॉबिन्सन यांना नव्हती; तसे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. हस्तलिखित एका लेखकमित्रामार्फत साहित्यिक एजंटकडे गेले आणि तेथून फारर, स्ट्रॉस अँड जिरू या न्यूयॉर्कच्या प्रकाशनाकडे. पहिल्या कादंबरीसाठीचा पेन/हेमिंग्वे पुरस्कार तिला मिळाला, पुलित्झरच्या अंतिम यादीत तिचे नाव आले आणि १९८७ साली बिल फोर्साइथ यांनी तिच्यावर चित्रपट केला. अशा यशानंतर प्रकाशक, समीक्षक आणि वाचक दुसऱ्या कादंबरीची वाट पाहू लागतात. रॉबिन्सन यांचे पुढचे पुस्तक १९८९ साली आले खरे, पण ती कादंबरी नव्हती.

‘मदर कंट्री’ हे त्या पुस्तकाचे नाव, आणि विषय इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील सेलाफील्ड येथील अणुइंधन प्रक्रिया केंद्राचा. १९८० च्या दशकात काही काळ इंग्लंडमध्ये अध्यापनासाठी राहत असताना त्या केंद्रातून आयरिश समुद्रात सोडल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी सांडपाण्याच्या बातम्या त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रांत वाचल्या. सर्वांसमोर छापून येणाऱ्या या गोष्टीबद्दल कोणाला फारसे काही वाटत नाही, याने त्या हादरल्या. सरकारी धोरणांइतकीच त्यांनी ब्रिटिश पर्यावरण चळवळीवरही टीका केली. ग्रीनपीसच्या ब्रिटिश शाखेने बदनामीचा दावा लावला आणि ब्रिटनमध्ये पुस्तकावर बंदी आली. अमेरिकेत मात्र ते नॅशनल बुक अॅवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचले. आपल्या पुस्तकांपैकी एकच लिहिण्याची मुभा असती तर आपण हेच लिहिले असते, अशा आशयाचे त्या बोलल्या आहेत. कादंबरीकार म्हणून त्यांना मानणाऱ्यांना हे उत्तर आवडत नाही. मला ते फार महत्त्वाचे वाटते.

याचे कारण असे, की या पुस्तकाने त्यांचा स्वतःच्या शिक्षणावरचा विश्वास डळमळला. सुशिक्षित समाज इतकी ढळढळीत गोष्ट नजरेआड करू शकत असेल, तर आपण विद्यापीठात शिकलो तेही तपासून घेतले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. ज्या ग्रंथांबद्दल सगळे बोलतात पण जे कोणी उघडत नाही, ते मुळातून वाचायला त्यांनी घेतले. अॅडम स्मिथ, मार्क्स, डार्विन आणि सर्वांत अधिक, सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन. कॅल्विन म्हणजे कठोर, कोरडा, आनंदाचा वैरी, ही पाठ्यपुस्तकी प्रतिमा. रॉबिन्सन यांना त्याच्या ग्रंथांत मानवी मनाबद्दलचे अपार आश्चर्य सापडले. या वाचनातून १९९८ साली ‘द डेथ ऑफ अॅडम’ हा निबंधसंग्रह आला. तेव्हा आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे : लेखन अडले नव्हते, कादंबरी येत नव्हती. या दोन अवस्था वेगवेगळ्या आहेत आणि पुढे आपल्याविषयी बोलताना मला हा फरक पुन्हा लागणार आहे.

दरम्यान दुसरी एक गोष्ट घडली होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेत शिकवू लागल्या आणि २०१६ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. (दिलीप चित्रे १९७० च्या दशकात याच विद्यापीठात होते, मात्र आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात, ती संस्था वेगळी.) १९३६ साली सुरू झालेल्या या कार्यशाळेतून अमेरिकन लेखकांच्या कित्येक पिढ्या घडल्या आहेत; रॉबिन्सन यांचे विद्यार्थी पॉल हार्डिंग यांना २०१० साली पुलित्झर मिळाले. पण त्यांच्या स्वतःच्या लेखनाला आयोवाने दिले ते निराळेच. पश्चिमेकडच्या डोंगरांतून आलेल्या या लेखिकेने मक्याच्या शेतांच्या या सपाट प्रदेशाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा तेथील लहान लहान गावे आणि महाविद्यालये गुलामगिरी नष्ट करण्यासाठी पूर्वेकडून मुद्दाम येऊन राहिलेल्या धर्मनिष्ठ माणसांनी वसवली होती, हे त्यांच्या ध्यानात आले. ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयाने १८३५ सालीच कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचे ठरवले होते. त्याच परंपरेतल्या माणसांनी आयोवाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात टेबर हे गाव वसवले. दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना तेथे आसरा मिळे आणि गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनचे सहकारीही तेथे येऊन राहत. शंभर वर्षांत हे सगळे गावकऱ्यांच्या स्मरणातून पुसले गेले. कादंबरीतील गिलियड हे गाव या टेबरवरून सुचलेले आहे.

आता कादंबरी पाहा. साल १९५६. जॉन एम्स हे शहात्तर वर्षांचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक. हृदयविकार झालेला, मृत्यू जवळ आलेला, आणि उतारवयात केलेल्या लग्नातून झालेला मुलगा अजून सात वर्षांचाही नाही. मुलगा मोठा होईल तेव्हा आपण नसू, म्हणून ते त्याला पत्र लिहीत आहेत. ते पत्र म्हणजेच कादंबरी. एम्स यांच्या आजोबांना मेन राज्यात तरुणपणी दृष्टान्त झाला होता : साखळदंडांनी जखडलेला ख्रिस्त हात पुढे करून उभा आहे. तो पाहून ते गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यासाठी कॅन्ससला गेले, कमरेला पिस्तूल लावून त्यांनी उपदेश केले आणि यादवी युद्धात एक डोळा गमावला. त्यांचा मुलगा, म्हणजे एम्स यांचे वडील, नेमका उलट, युद्धाचा कट्टर विरोधक. बापलेकांचे हे भांडण मिटले नाही. १९८० साली रॉबिन्सन यांना हे आजोबा कोठून सुचले असते? ते आयोवाच्या ग्रंथालयातल्या जुन्या कागदपत्रांमधून आले आहेत. माणूस म्हणजे रंगमंचावरचा नट आणि देव हा त्याचा प्रेक्षक, हा कॅल्विनचा विचार एम्स घोळवत राहतात, तोही या वाचनातूनच आला आहे.

पण अभ्यासाचे कादंबरीत रूपांतर झाले नाही, तर तो ओझे होतो. ते रूपांतर कसे होते हे एकाच प्रसंगातून सांगते. वीज पडून बाप्टिस्ट मंडळीचे चर्च जळते. पाऊस पडत असतो, गावातली माणसे जळके अवशेष उपसत असतात, स्त्रिया स्तोत्रे गात असतात आणि लहानगा एम्स इतर मुलांबरोबर गाडीखाली बसलेला असतो. वडील येतात आणि त्याला बिस्किट देतात. त्यांच्या हातांची काजळी त्या बिस्किटाला लागलेली असते. म्हाताऱ्या एम्सना आयुष्यभर आठवत राहते की ते प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर वाटून खाण्याचा चर्चमधला विधी, होते. येथे कॅल्विनचे नाव नाही, संस्कारविधीची चर्चा नाही. पावसातले राख लागलेले बिस्किट आहे, आणि साध्या वस्तूत पावित्र्य दिसू शकते हा रॉबिन्सन यांचा सगळा विचार त्यात उतरला आहे.

या भाविक सुरामुळे काही वाचक ‘गिलियड’ला सात्त्विक, निरुपद्रवी पुस्तक समजतात. कृपया तसे वाचू नका. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या चर्चलाही पूर्वी एकदा आग लावली गेली होती. एम्स ती किरकोळ आग म्हणून ओझरता उल्लेख करतात आणि ती मंडळी नंतर गाव सोडून गेली, एवढे सांगून पुढे जातात. गुलामगिरीविरुद्ध लढण्यासाठी वसवलेल्या गावात आता एकही कृष्णवर्णीय कुटुंब नाही, आणि गावातल्या सर्वांत भल्या माणसाला त्याचे विशेष काही वाटत नाही. मग एम्स यांच्या मित्राचा बदलौकिक झालेला मुलगा जॅक बाउटन गावी परततो आणि बऱ्याच उशिरा कळते, की त्याची पत्नी डेला कृष्णवर्णीय आहे, त्यांना एक मुलगा आहे, आणि अनेक राज्यांत असा विवाह गुन्हा ठरतो. (सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले ते १९६७ साली.) आयोवात तसा कायदा नाही, म्हणून या गावात आपल्याला राहता येईल का, हे जॅकला जाणून घ्यायचे असते. सेलाफील्डच्या पुस्तकातला प्रश्नच येथे पुन्हा उभा राहिला आहे : सज्जन माणसांना समोरचे दिसत कसे नाही? ‘मदर कंट्री’ आणि ‘गिलियड’ लागोपाठ वाचली की हा धागा स्पष्ट दिसतो. एरवी तो सहज निसटतो.

मराठी वाचकाला या कादंबरीचे वातावरण वाटते तितके परके नाही. एम्स हे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक आहेत, आणि १८१३ साली मुंबईत व १८३१ साली अहमदनगरला आलेले अमेरिकन मराठी मिशन प्रामुख्याने त्याच पंथाचे. १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ज्यांच्याशी नाते जुळले ते मिशनरी याच परंपरेतले. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनातून ज्यांना ते घर परिचयाचे आहे, त्यांना एम्स यांच्या घरातली उपासना, तंगी आणि दारात आलेल्याला हाती येईल ते देऊन टाकणारे आजोबा लगेच ओळखीचे वाटतील.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. ‘गिलियड’ला २००५ चे पुलित्झर मिळाले. २००८ ची ‘होम’ त्याच उन्हाळ्यातल्या त्याच घटना बाउटन यांच्या घरातून, जॅकची बहीण ग्लोरी हिच्या नजरेने सांगते आणि तिला ब्रिटनचे ऑरेंज पारितोषिक मिळाले. २०१४ ची ‘लायला’ एम्स यांच्या तरुण पत्नीचे भटके, उपाशी बालपण सांगते. २०२० ची ‘जॅक’ सेंट लुइस शहरात मागे जाऊन जॅक आणि डेला यांची प्रेमकथा मांडते. अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१५ साली डी मॉइन येथे त्यांची मुलाखत घेतली. पदावरच्या राष्ट्राध्यक्षाने कादंबरीकाराला प्रश्न विचारावेत, ही घटनाच विरळा. २०२४ साली बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकावरचा ‘रीडिंग जेनेसिस’ हा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. म्हणजे कादंबरी आणि चिंतनपर गद्य हे आलटून पालटून चालणारे काम आजवर चालूच आहे.

आता आपल्याकडे वळते. रॉबिन्सन यांना वाट पाहणे परवडले, याला परिस्थितीही कारण होती, हे विसरता कामा नये. त्यांना विद्यापीठाची नोकरी होती, त्यामुळे चरितार्थ पुस्तकांच्या विक्रीवर अवलंबून नव्हता. दोन मुलांना वाढवणे, १९८९ सालचा घटस्फोट, हे सगळे त्या काळातलेच. घरचे व्याप त्यांनाही चुकले नव्हते. पण ‘हाउसकीपिंग’ अभ्यासक्रमांत लागली, सतत छापली जात राहिली, आणि त्यामुळे दुसरे पुस्तक येईपर्यंत वाचक त्यांना विसरले नाहीत. मराठीत पहिली आवृत्ती संपल्यावर पुस्तक बाजारातून दिसेनासे होण्याची शक्यता मोठी असते. येथे दीर्घ विराम घेणाऱ्या लेखकाला बहुधा पुन्हा नव्याने वाचक मिळवावा लागतो. हा धोका पत्करायचा की नाही, हे आपली नोकरी, वय, घरची जबाबदारी आणि प्रकाशकाशी असलेले संबंध यांवर अवलंबून आहे, आणि त्याचा निर्णय बाहेरून कोणी देऊ शकत नाही.

हस्तलिखिते वाचताना मला जे दिसते ते मात्र सांगू शकते. घाईने लिहिलेली दुसरी कादंबरी बहुतेक वेळा पहिलीतलेच गाव, तोच बाप, तोच राग घेऊन येते. फक्त प्रसंग बदललेले असतात. अशा वेळी मी लेखकाला कथानकाबद्दल काही विचारत नाही. पहिल्या पुस्तकानंतर तुमचे कोणते मत बदलले, आणि ते कशामुळे बदलले, हे विचारते. उत्तर नेमके आले, म्हणजे एखाद्या गावाच्या पाणीवाटपाचे, एखाद्या जुन्या खटल्याचे किंवा एखाद्या ग्रंथाचे नाव घेऊन आले, तर कादंबरी वाटेवर आहे असे समजते, मग कागदावर एक ओळ नसली तरी चालते. उत्तर आलेच नाही, तर थांबून काही हाती लागेल असे मला वाटत नाही. मघाशी म्हटलेला फरक हाच. रॉबिन्सन थांबल्या होत्या असे आपण म्हणतो, पण त्या काळात परीक्षणे, निबंध आणि एक वादग्रस्त ग्रंथ त्यांच्या हातून लिहून होत होता. आपण या वर्षांत कादंबरीखेरीज काही लिहिले आहे का, हे प्रश्नात आलेले नाही. नसेल, तर ज्या एका विषयाने आपल्याला अस्वस्थ केले आहे त्याची मूळ कागदपत्रे मिळवून त्यावर एक दीर्घ लेख लिहावा, असे मी सुचवेन. तो लेख स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. कादंबरीची तयारी म्हणून लिहिलेला लेख हटकून कच्चा राहतो.

वाचनाच्या क्रमाबद्दलही आपण विचारले होते. बहुतेक जण ‘गिलियड’पासून सुरुवात करायला सांगतात. आपण लेखक आहात, म्हणून मी ‘हाउसकीपिंग’ आधी वाचा असे म्हणेन. त्यानंतर ‘द डेथ ऑफ अॅडम’मधले कॅल्विनवरचे आणि गुलामगिरीविरोधी चळवळीच्या शाळांविषयीचे निबंध घ्या, आणि मगच ‘गिलियड’ उघडा. ‘होम’ तिच्या पाठोपाठ, मध्ये खंड न पाडता, म्हणजे एम्स यांनी पत्रात काय काय गाळले ते ताज्या आठवणीवर पडताळता येईल. ‘लायला’ कधीही चालेल. ‘जॅक’ मात्र शेवटी ठेवा. त्या दोघांचे पुढे काय होणार आहे हे ठाऊक असताना सेंट लुइसच्या कबरस्तानातला त्यांचा रात्रभराचा संवाद वाचण्यातच त्या पुस्तकाचे सारे बळ आहे.